धुराडं कासारसाईला, काच हिंजवडीला

हिंजवडीत आज जिथे आयटी पार्क आहे, तिथे साखर कारखाना व्हायचा होता. शरद पवारांनी अनेकदा सांगितलेला किस्सा आहे. नानासाहेब नवले यांच्या पुढाकाराने उभ्या राहणाऱ्या कारखान्याच्या कार्यक्रमाला ते गेले आणि तिथेच त्यांनी सांगून टाकलं, कारखाना दुसरीकडे न्या, इथे आयटी पार्क करू. संत तुकाराम कारखाना मग कासारसाई-दारुंब्रे इथे उभा राहिला.

चित्रकाराच्या हिशेबाने हिंजवडीचं यात नुकसानच झालं.

फ्रान्सच्या इम्प्रेशनिस्टांना धुराड्याचं वावडं नव्हतं. मोनेच्या १८७२ च्या ज्या चित्रावरून या पंथाला नाव पडलं, त्यात ल हाव्र बंदरातल्या क्रेन आणि चिमण्या धुक्यात उभ्या आहेत. लोकांच्या लक्षात राहतो तो नारिंगी सूर्य. १८७३ मध्ये कामीय पिसारोने पोंत्वाझजवळची, ओआझ नदीकाठची डिस्टिलरी पुन्हा पुन्हा रंगवली. अलीकडे हिरवा काठ, मध्ये नदी, पलीकडे चिमण्या. झाडाला जो कुंचला, तोच चिमणीला. धूर वर जाऊन करड्या ढगांत मिसळतो. कारखान्याचा निषेध नाही, आरतीही नाही. १८७७ मध्ये मोने तर सँ-लाझार स्टेशनातच ठाण मांडून इंजिनांची वाफ रंगवत होता.

आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी रंकाळा, कोटितीर्थ यांच्या पाण्यावरचा उजेड असाच टिपला. त्याच कोटितीर्थाजवळ १९०६ मध्ये शाहू मिलची पायाभरणी झाली. पण मराठी मनातलं निसर्गचित्र घाट, देऊळ आणि नदी यांवरच थांबलं. चिमणी दिसली की कागद जरा बाजूला सरकवायचा! पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी पसरली. कॅलेंडरवरची पवना मात्र मोरया गोसावींच्या घाटापाशीच राहिली.

हिंजवडीत तर सरकवायलाही काही नाही. सॉफ्टवेअरला धूर नसतो, माणहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोलाही वाफ नाही. इथला उद्योग काचेआड बसतो आणि दिसतो तो थेट रस्त्यावर, सुट्टी झाल्यावर.

त्यालाही जुना दाखला आहे. डोळ्यांच्या दुखण्यामुळे उघड्यावर बसणं अवघड झालेल्या पिसारोने १८९७ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात खोली घेतली आणि खिडकीतून मोंमार्त्र बुलेव्हारवरची घोडागाड्यांची वर्दळ रंगवली. त्या मालिकेत रात्रीचं चित्र एकच आहे: ओला रस्ता, दिव्यांची रांग, खोळंबलेल्या गाड्या. पावसाळ्यात संध्याकाळी सातला हिंजवडीच्या शिवाजी चौकात नेमकं हेच असतं, फक्त घोडे नसतात.