ऐरणीसमोरचा शागीर्द
(वर्ध्याच्या भूमीतील लोहारविद्येचा मागोवा)

'तालीम' हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ शिकवणे, शिक्षण. मराठीत आल्यावर मात्र लोकांनी तो आखाड्याला दिला आणि नाटकाच्या सरावालाही दिला. जे घाम गाळून, पुन्हा पुन्हा करून अंगात मुरवायचे, ते शिकणे म्हणजे तालीम. शब्दाला मिळालेले हे मराठी वळण मला फार अर्थपूर्ण वाटते. १९३७ साली आपल्या वर्धा शहरात ज्या शिक्षणविचाराचा पाया घातला गेला, त्याला पुढे 'नई तालीम' हेच नाव मिळाले, आणि त्यात या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र आले.

या विषयाकडे मी पुस्तकातून वळलो नाही. सारी उमर फळ्यासमोर गेली. हातात खडूखेरीज हत्यार धरले नाही. निवृत्तीनंतर छंद म्हणून अल्लीपुरातील एका लोहाराच्या भट्टीवर जाऊन बसू लागलो. तेथे जे शिकलो ते थोडे आहे. परंतु शिकता शिकता जो प्रश्न मनात उभा राहिला तो मोठा आहे : ज्याचा बाप लोहार नाही त्याने लोहारकाम शिकायचे कोठे? आणि ज्याचा बाप लोहार आहे, त्याच्या विद्येला आपण विद्या केव्हा म्हटले? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

पहिला धडा

नवशिक्याला वाटते की लोहारकाम म्हणजे जोराने घाव घालणे. पहिल्याच दिवशी हा गैरसमज दूर होतो. लोहारकाम म्हणजे आधी रंग ओळखणे. लोखंड तापताना प्रथम काळपट लाल होते, मग पिकल्या बोरासारखे लाल, मग नारिंगी, मग पिवळे, आणि शेवटी डोळे दिपवणारे पांढरे. नारिंगी ते पिवळा हा घाव घालण्याचा काळ. रंग लालीवर उतरला की हात थांबवावा आणि लोखंड पुन्हा भट्टीत घालावे. पांढऱ्या रंगावर ठिणग्या उडू लागल्या की समजावे, लोखंड जळू लागले. जळलेले लोखंड पुन्हा कामाचे राहत नाही.

घावांचे प्रकारही मोजके आहेत. लांबवणे, वाकवणे, टोकाकडून ठासून जाड करणे, सुंब्याने भोक पाडणे, छिन्नीने तोडणे. एवढ्यावर खिळा, आकडा, कडी, खुरपे, विळा असा अर्धा संसार उभा राहतो. नवशिक्याने साध्या लोखंडाची दहा-बारा मिलिमीटरची सळई घ्यावी, पेलवेल असा किलोभराचा हातोडा घ्यावा आणि प्रथम भिंतीवरचा आकडा करावा. ऐरण नसेल तर भंगारातून रीतसर विकत घेतलेला जाड लोखंडी ठोकळाही चालतो. अंगात सुती कपडे असावेत, डोळ्यांवर चष्मा असावा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळ भट्टीत कधी घालू नये. त्याचा धूर छातीत गेला तर माणूस तापाने फणफणतो.

माझ्या हातून पहिला विळा पाणी देताना तडकला. मालमोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद होते. मी ते हवे त्याहून अधिक तापवले आणि घाईने थंड पाण्यात बुडवले. 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि पात्यावर केसाएवढी रेघ उमटली. तीन दिवसांची मेहनत त्या रेघेत गेली. उस्ताद रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, लोखंडाले घाई समजत नाही. रंग पाहा, मंग हात उचला."

यामागचे शास्त्र मला पुस्तकात नंतर सापडले. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे वर गेले की पोलाद पाणी धरण्याच्या अवस्थेला येते. कमानपाट्याचे पोलाद पाण्यापेक्षा तेलात विझवणे बरे. विझवल्यावर ते काचेसारखे ठिसूळ होते, म्हणून पुन्हा हलके तापवून त्याचा ताठा उतरवावा लागतो. घासून उजळलेल्या पात्यावर गवती पिवळा रंग चढला की धार टिकते, निळा चढला की लवचिकपणा येतो. साध्या लोखंडात कर्ब फार थोडा असतो, म्हणून ते कितीही विझवले तरी पोलादासारखे कठीण होत नाही. उस्तादांनी यातला एकही शब्द वाचलेला नाही. पण त्यांचा हात यातल्या कोणत्याच बाबतीत चुकत नाही.

सत्तावीसशे वर्षांपूर्वीची भट्टी

हा हात आला कोठून? विदर्भाच्या मातीत त्याचे उत्तर आहे. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा येथे १९६८-६९ मध्ये आणि त्यानंतर माहूरझरी येथे डॉ. शां. भा. देव यांनी महापाषाणी शिळावर्तुळांचे उत्खनन केले. मृतांसोबत पुरलेल्या वस्तूंत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर आणि घोड्याचे लगाम निघाले. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला घट्ट बसावे म्हणून त्यावर आडव्या लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत. ज्याने तापलेली पट्टी पात्याभोवती एकदा तरी वळवून पाहिली आहे, त्यालाच या कामातील सफाई कळेल.

पुढे १९७८ ते १९८० या काळात पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वळणदार विटांची गोल भट्टी, भात्याचा वारा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी. काळ सुमारे इ. स. पू. ७००. म्हणजे आपल्या भागात निदान सत्तावीसशे वर्षे भाता चालतो आहे. ही माणसे कोणती भाषा बोलत होती हे कोणी सांगू शकत नाही. परंतु त्यांनीही आपल्या पोरांना रंग पाहायला शिकवलेच असेल. रंग पाहिल्याशिवाय ते लगाम आणि त्या कुऱ्हाडी झाल्या नसत्या.

दक्षिणेकडे पाहिले तर ही विद्या किती दूर पोचली होती ते दिसते. हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जाणारा महामार्ग गोदावरी ओलांडून ज्या निजामाबाद जिल्ह्यात शिरतो, त्या जिल्ह्यातील कोनासमुद्रम येथे मातीच्या बंद मुशीत पोलाद तयार होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने ते काम पाहून लिहून ठेवले. पोलाद विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथे येत. हिंदी पोलादाच्या तलवारीला अरबीत 'मुहन्नद' असे नाव होते, आणि नवव्या शतकात अल-किंदी या तत्त्ववेत्त्याने तलवारींच्या प्रकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आपण रोज वापरतो तो 'पोलाद' हा शब्द फारसी आहे. माल येथून तिकडे गेला आणि नाव तिकडून इकडे आले. 'कारागीर', 'उस्ताद' आणि 'शागीर्द' हे शब्दही त्याच वाटेचे.

बलुत्याची पाठशाळा

गावगाड्यात लोहार हा बलुतेदार. वखराची पास, नांगराचा फाळ, तिफणीचे दाते, डवरे, विळे हे सारे त्याने वर्षभर पाजवून द्यावे आणि सुगीला खळ्यावर आपला धान्याचा वाटा घ्यावा, अशी रीत. या रीतीत लोहाराची शाळा त्याच्या घरातच भरे. पोराने आधी भाता ओढायचा, मग सांडशी धरायची, मग घण उचलायचा, आणि मिसरूड फुटेपर्यंत हातोडा हाती यायचा. गावाबाहेर उतरणाऱ्या गाडीलोहारांत तर बायकाही घण मारतात.

या शाळेत फी नव्हती, परीक्षाही नव्हती. दोष एकच होता, पण तो मोठा होता. दार एका घराण्यापुरतेच उघडे होते. बाहेरच्याला आत येण्याची मुभा नव्हती आणि आतल्याला बाहेर जाण्याची वाट नव्हती. लोहाराच्या पोराच्या हाती पुस्तक आले नाही, आणि पुस्तकवाल्याच्या हाती हातोडा आला नाही. याचा तोटा दोघांनाही झाला.

पुढे रेल्वे आली. १८६७ साली लोहमार्ग नागपूरला पोचला, मग वर्धा-हिंगणघाटवरून वरोऱ्याच्या कोळसा खाणीकडे फाटा गेला. गाडीतून विलायती लोखंडाच्या पट्ट्या आणि सळया आल्या. त्या स्वस्त होत्या, हव्या तेवढ्या मिळत होत्या. गावठी लोखंड गाळणाऱ्यांच्या भट्ट्या विझत गेल्या. लोहार राहिला, पण लोखंड गाळण्याची विद्या गेली. चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा १८८२ चा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या मनात पोलादाच्या कारखान्याचा विचार आला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. वरोऱ्याचा कोळसा त्या कामाला उतरला नाही आणि कारखाना अखेर दूर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला.

वर्ध्याची परिषद

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. एका शिक्षणसंस्थेच्या रौप्यमहोत्सवाचे निमित्त होते, हे आपल्यासारख्या संस्थांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. परिषदेने योजना आखण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन यांच्याकडे दिले. समितीत विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी आणि आर्यनायकम् अशी मंडळी होती. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल तयार झाला.

सात ते चौदा वयाच्या मुलामुलींना सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि तेही एखाद्या हस्तोद्योगाच्या द्वारे, हा त्याचा गाभा. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला दिली होती. हात काम करीत असताना गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र त्यातूनच उलगडावे, अशी अपेक्षा होती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या विचारात धोका आहे, पैशाच्या मागे लागून शिक्षण हरवेल, हा इशाराही याच अहवालाने स्पष्ट दिला. पुढे १९३८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्षही झाकिर हुसेनच झाले, आणि १९६७ साली ते देशाचे राष्ट्रपती झाले.

अहवालातील हस्तोद्योगांची यादी मी मुद्दाम पाहिली. कताई-विणाई आहे, सुतारकाम आहे, शेती आहे, फळबाग व भाजीपाला आहे, चामड्याचे काम आहे. लोहारकामाचे नाव नाही. लहान मुलांच्या हाती आग आणि घण द्यायचा नाही, हे समजण्यासारखे आहे. स्थानिक परिस्थितीस अनुकूल असा अन्य कोणताही उद्योग घ्यावा, अशी वाटही अहवालाने ठेवली होती. तरी एक गोष्ट विसरता येत नाही. चरख्याची चाती पोलादाची, सुताराची करवत पोलादाची, शेतकऱ्याचा फाळ आणि चर्मकाराची रापी पोलादाची. यादीतील प्रत्येक उद्योग लोहाराच्या ऐरणीवर उभा होता.

आजची स्थिती

स्वातंत्र्यानंतर १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी घराण्याची अट मोडली. कोणाचाही मुलगा फिटर किंवा वेल्डर होऊ लागला. ही फार मोठी गोष्ट झाली. १७ सप्टेंबर २०२३ पासून प्रधानमंत्री विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आहे. योजनेचा पहिला वर्धापनदिन २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच साजरा झाला. मात्र ही योजना आधीपासून पिढीजात व्यवसायात असलेल्यांसाठी आहे. बाहेरून येणाऱ्या नवशिक्यासाठी वाट अजूनही एकच : कोणा उस्तादाच्या भट्टीवर जाऊन नम्रपणे बसणे.

आणि उस्तादांचे काय? मी एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना म्हणालो, "भाऊ, तुमच्या पोरालाही हे शिकवा." ते भाता थांबवून म्हणाले, "तुमचा हा शौक हाये, गुरुजी. आमचं पोट हाये. पोरगा शिकला तं शिकला, पण यावर जगू नये." मला उत्तर सुचले नाही. शेतात ट्रॅक्टर आला, बाजारात तयार विळे आले, मोडलेले जोडायला वेल्डिंग आले. छंद म्हणून येणाऱ्याने या माणसाला परंपरा टिकवण्याचा उपदेश करणे म्हणजे दुसऱ्याच्या घामावर आपली हौस भागवणे होय. त्या दिवसापासून मी शिकवणीची रक्कम दर महिन्याला त्यांच्या हाती देतो. पहिल्यांदा त्यांनी नाही म्हटले. मी म्हटले, मला आयुष्यभर शिकवण्याचा पगार मिळाला, तुम्हालाही मिळायला हवा. तेव्हा त्यांनी घेतली.

म्हणून या स्मरणिकेच्या द्वारे आपल्या शाळांपुढे एक लहानशी विनंती ठेवतो. गावात लोहार आहे तोवर वरच्या वर्गातील मुलामुलींना महिन्यातून एक दिवस त्याच्या भट्टीवर न्यावे. मुलांनी रंग पाहावेत, लोहचुंबक लावून पाहावे, अवजारांची आपल्या बोलीतील नावे वहीत उतरवावीत, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी त्यामागचे कारण फळ्यावर समजावून सांगावे. त्या दिवसाचे मानधन लोहाराला शिक्षक म्हणून मिळावे, आणि हजेरीपटावर त्याचे नाव शिक्षकांच्या रकान्यात लिहावे. झाकिर हुसेन समितीने ज्याची वाट मोकळी ठेवली होती, ते काम एवढ्यानेही सुरू होईल.

तडकलेला तो विळा मी फेकलेला नाही. घरी पुस्तकांच्या फडताळाशेजारी, मीच केलेल्या आकड्याला तो अडकवून ठेवला आहे. आकडा थोडा वाकडा आहे, पण भार धरतो.