धरतरी, गावतरी, कणसरी : वारल्यांच्या गाण्यातली शेती

आज खत-फवारणी बाजूला ठेवून थोडा इतिहास.

पालघर जिल्ह्यात जव्हार, डहाणू, तलासरी पट्ट्यात वारली समाज राहतो. भात, नागली, वरई ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पिकं. त्यांची चित्रं जगभर पोचली, गाणी मात्र पाड्यावरच राहिली. या गाण्यांत तीन माउल्या येतात. धरतरी म्हणजे जमीन, गावतरी म्हणजे गाय, कणसरी म्हणजे कणसातलं धान्य. भात निघालं की भगत घांगळी वाजवत कणसरीची कथा गातो. घांगळी म्हणजे भोपळ्याचं तंतुवाद्य. लग्न लावते ती धवलेरी, तीही बाई, तीही गाण्यातूनच. पोथी कुठंच नाही, सगळं तोंडपाठ.

यातली मला पटलेली गोष्ट सांगतो. या तिघी देवता आहेत, पण एकमेकींवाचून त्यांचं चालत नाही. गोठा रिकामा झाला की शेणखत संपतं, जमीन घट्ट होते, मग कणीस पोचट राहतं. माती परीक्षणाच्या कागदावर आपण सेंद्रिय कर्ब बघतो, तिथं हाच हिशोब असतो. आपल्याकडंही खळ्यात चपला घालून जात नसत आणि रास मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत. भाव तोच, धान्याचा मान राखायचा.

आता त्या काळाची दुसरी बाजू बघा. इंग्रजांच्या राज्यात वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडं गेल्या. पावसाळ्यात खावटी म्हणून घेतलेलं धान्य सुगीला वाढीव मापानं फेडावं लागे. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही सावकाराकडं राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 साली किसान सभेच्या झेंड्याखाली वारली वेठीविरुद्ध उठले. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं आलंय.

गाण्यामुळं लढा झाला असं मी म्हणणार नाही. तो संघटनेनं आणि माणसांच्या हिमतीनं झाला. पण धान्य सावकाराच्या गाडीत जात होतं त्या काळातही भगताच्या तोंडी कणसरी माउलीच राहिली, कुणाची वसुली झाली नाही. ज्याच्याकडं जमिनीचा कागद नव्हता, त्याच्याकडं एवढं तरी शाबूत होतं.

आज अडचण वेगळी आहे. मळणी यंत्रावर दोन तासांत उरकते. त्याला माझी ना नाही, कंबर वाचते. पण खळं गेलं की खळ्यावरचं गाणं म्हणायला जागा उरत नाही. आणि गावरान वाण गेला, तर त्याचं नाव घेणारी ओळही जाते.

म्हणून कृषी सहायक आणि अभ्यासक मंडळींना एक विनंती. पाड्यावर बियाण्याची माहिती घ्यायला गेलात, तर कणसरी कोण गातं तेही विचारा. परवानगी असेल तरच रेकॉर्ड करा आणि एक प्रत त्यांच्याच पोरांकडं ठेवा.

तुमच्या भागात रास मोजताना काय म्हणत? खाली लिहा.