समुद्रात किती देवमासे आहेत, हे फोटोंवरून कसं कळतं?

वाघ कसे मोजतात हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. जंगलात कॅमेरे लावायचे आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखायचा. पण देवमाशाचं काय? तो बहुतेक वेळ पाण्याखाली असतो. श्वास घ्यायला वर आला की दिसते पाठ, फार तर शेपूट. तरीही ओमानच्या किनाऱ्यावरच्या हंपबॅक देवमाशांचा आकडा शास्त्रज्ञांनी काढलाय : ८२. तोही शेपटीच्या फोटोंवरून.

शेपूट हेच आधार कार्ड

खोल बुडी मारताना हंपबॅक शेपूट पाण्याबाहेर उचलतो. तिच्या खालच्या बाजूला काळी-पांढरी नक्षी असते, जुने ओरखडे असतात, कडांना खाचा असतात. दोन हंपबॅकची ही नक्षी तंतोतंत सारखी नसते आणि ती वर्षानुवर्षं ओळखता येते. डॉल्फिनच्या बाबतीत पाठीवरच्या पराच्या खाचा बघतात, राइट व्हेलच्या डोक्यावरचे खरबरीत चट्टे.

ही पद्धत नावारूपाला आणण्यात कॅनडाच्या मायकल बिग यांचा मोठा वाटा आहे. १९७०च्या दशकात मत्स्यालयांसाठी ओर्का पकडले जात होते. लोकांची समजूत अशी की समुद्रात ते हजारोंनी आहेत. बिग यांनी पर आणि त्याच्या मागचा करडा डाग यांचे फोटो काढून एकेक ओर्का ओळखायला सुरुवात केली. निघाले जेमतेम काहीशे. त्यातल्या एका गटाची तर आजही दरवर्षी डोकी मोजली जातात, कारण प्रत्येक जण ओळखीचा आहे. तो गट सत्तरीच्या घरात आहे.

सगळे दिसलेच नाहीत तर?

बहुतेक ठिकाणी सगळे कधीच दिसत नाहीत. मग एक सोपं गणित कामाला येतं. समजा बरणीत किती शेंगदाणे आहेत ते न मोजता सांगायचंय. ५० दाणे काढा, त्यांना रंग लावा, परत टाकून बरणी नीट हलवा. आता ४० दाणे काढा. त्यात १० रंगीत निघाले, म्हणजे चारात एक. तर आपले ५० हे एकूण दाण्यांचा चौथा भाग असणार. उत्तर : साधारण २००.

देवमाशाला रंग लावायची गरज नाही, फोटो हाच रंग. पहिल्या वर्षी ज्यांचे फोटो मिळाले, त्यातले दुसऱ्या वर्षी किती पुन्हा दिसले, एवढंच बघायचं.

ऐकायला सोपं आहे, पण खरी मारामारी 'बरणी नीट हलवा' इथे आहे. काही देवमासे बोटीजवळ पुन्हा पुन्हा येतात, मग ओळखीचेच जास्त दिसतात आणि आकडा कमी निघतो. उलट फोटो धूसर असेल आणि जुना देवमासा नवा समजला गेला, तर आकडा फुगतो. ही चूक जास्त धोक्याची, कारण संकटात असलेला प्राणी भरपूर आहे असं वाटू लागतं. म्हणून वाईट फोटो सरळ बाजूला काढतात. डॉल्फिनच्या पिल्लांच्या परावर बऱ्याचदा खाचाच नसतात, त्यांचा हिशोब वेगळा धरावा लागतो. मधल्या काळातले जन्म आणि मृत्यूही गणितात घ्यावे लागतात.

पूर्वी हजारो फोटो डोळ्यांनी जुळवायचे. आता हे काम कॉम्प्युटर करतो. 'हॅपीव्हेल' या वेबसाइटवर पर्यटकही फोटो टाकतात. अशा फोटोंवरून २०२४ साली कळलं की उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक २०१२ मध्ये सुमारे ३३,५०० होते, ते २०२१ पर्यंत २६,७०० च्या आसपास आले. २०१४ ते २०१६ दरम्यान तिथला समुद्र विलक्षण तापला होता. अन्न कमी झालं, आणि संशोधक या घटीचा संबंध त्याच्याशी जोडतात.

आपल्या समुद्रातले ८२

अरबी समुद्रातले हंपबॅक जगात वेगळे. इतर हंपबॅक अन्नासाठी थंड समुद्रात आणि पिल्लांसाठी उबदार समुद्रात जातात, हे मात्र वर्षभर इथेच राहतात. त्यांचे फोटो मादागास्कर आणि झांझिबारच्या फोटोंशी ताडून पाहिले, एकही जुळला नाही. १९६५-६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी या समुद्रात बेकायदा २४२ हंपबॅक मारले, आणि ते बाहेर आलं १९९०च्या दशकात.

८२ हा आकडा २००० ते २००४ मधल्या ओमानच्या फोटोंवरचा आहे, आणि खरी संख्या ६० ते १११ मध्ये कुठेही असू शकते. 'अरबी समुद्रात फक्त ८२ उरले' असे मेसेज फिरतात, ते तितकेसे बरोबर नाहीत. फोटो मुख्यतः ओमानच्या दोन भागांतले होते. पण वरची मर्यादा धरली तरी, मासेमारीच्या जाळ्यात वर्षाला दोन-तीन अडकून मेले तर ते परवडणारं नाही.

आणि ते फक्त ओमानचे नाहीत. २०१७ च्या अखेरीस लुबान नावाच्या मादीला तिथे सॅटेलाइट टॅग लावला. लुबान म्हणजे आपला लोबान. ती समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याने खाली मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि मग परत ओमानला पोचली.