कोमेनियस आणि बालकांची पहिली पाठशाळा

सहा वर्षांच्या आंतील मुलाला इतिहास, भूगोल आणि राज्यव्यवहार शिकवावा असें कोणी सांगूं लागला, तर ऐकणाऱ्यांस तें थट्टेचें बोलणें वाटेल. ज्याला स्वतःच्या आंगरख्याचे बंद बांधतां येत नाहींत, त्याला राज्यव्यवहार काय कळणार! परंतु सतराव्या शतकांत मध्य युरोपांतील एका परागंदा धर्मोपदेशकानें हाच विचार मोठ्या गांभीर्यानें मांडला. इतकेंच नव्हे, तर प्रत्येक आईला तो आपल्या घरांत कसा आचरतां येईल, याचा पाठही त्यानें घालून दिला. त्याचें नांव यान आमोस कोमेन्स्की. विद्वानांच्या लॅटिन भाषेंत तो कोमेनियस म्हणून ओळखला जातो. ज्या विषयाला पुढें शाळांतून समाजशास्त्र, नागरिकशास्त्र, परिसर अभ्यास अशीं निरनिराळीं नांवें मिळालीं, त्याचें बीज या पुरुषानें ख्रिस्ती श्रद्धेच्या भूमींत पेरलें. तें कसें पेरलें गेलें, आणि पेरणाऱ्याचा स्वतःचा हात कोठें चुकला, हें समजून घेण्यासारखें आहे.

कोमेनियसचा जन्म २८ मार्च १५९२ रोजीं मोराव्हिया प्रांतांत झाला. हा प्रांत आज चेक प्रजासत्ताकांत मोडतो. त्याचें घराणें 'बंधुसंघ' नांवाच्या एका लहान ख्रिस्ती पंथाचें होतें. यान हुस या धर्मसुधारकास १४१५ सालीं पाखंडी ठरवून जिवंत जाळण्यांत आलें. त्याच्या शिकवणींतून पुढें हा पंथ उदयास आला. साधी राहणी, मातृभाषेंतून धर्मग्रंथाचें वाचन आणि मुलांचें शिक्षण यांवर या पंथाचा कटाक्ष असे. कोमेनियस बारा वर्षांचा असतांच त्याचे आईबाप वारले. नातलगांच्या आश्रयास गेलेल्या या पोरक्या मुलाचें शिक्षण खुंटलें, आणि लॅटिन शाळेचा उंबरठा त्याला सोळाव्या वर्षीं ओलांडतां आला. अर्थ न समजतां व्याकरणाचे नियम घोकण्याचा जो त्रास त्यानें तेथें भोगला, तो त्याला जन्मभर विसरतां आला नाहीं. मुलांचें मन शाळेंत गुदमरूं नये, ही त्याची तळमळ पुस्तकी नव्हती; ती अनुभवांतून आली होती.

हेर्बोर्न आणि हायडेलबर्ग येथील अध्ययन संपवून तो स्वदेशीं परतला. १६१६ सालीं त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली, आणि १६१८ सालीं फुल्नेक या गांवीं उपदेशक व शाळाप्रमुख म्हणून तो स्थिर झाला. विवाहही त्याच वर्षीं झाला. परंतु स्थैर्य त्याच्या नशिबीं नव्हतें. त्याच वर्षीं बोहेमियांत तीस वर्षांच्या युद्धाचा वणवा पेटला. ८ नोव्हेंबर १६२० रोजीं प्रागजवळील श्वेतगिरीच्या लढाईंत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाला, आणि बंधुसंघाच्या उपदेशकांवर संकट कोसळलें. १६२१ सालीं फुल्नेक सैन्याच्या हातीं सांपडून भस्मसात् झालें. कोमेनियस रानावनांत, आश्रयदात्यांच्या घरीं लपून दिवस काढीत असतां १६२२ सालीं त्याची पत्नी आणि दोन्ही लहान लेकरें सांथींत दगावलीं. पुढें त्याचा ग्रंथसंग्रहही जाळला गेला. अखेर १६२८ सालीं तो आपल्या बांधवांसह सरहद्दीवरील डोंगर ओलांडून पोलंडांतील लेश्नो या गांवीं गेला. मायभूमीचें दर्शन त्याला पुन्हा लाभलें नाहीं.

ज्या माणसानें धर्माच्या नांवानें चाललेल्या युद्धांत घरदार आणि मुलेंबाळें गमावलीं, त्यानें पुढें काय लिहावें? सूडाची भाषा त्याला सहज सुचली असती. कोमेनियसनें लेश्नो येथें आयांसाठीं एक लहानसें पुस्तक लिहिलें. देश परत मिळाला तर त्याची पुनर्रचना लहान मुलांपासून करावी लागेल, अशी त्याची धारणा होती. हें पुस्तक जर्मन भाषेंत १६३३ सालीं प्रसिद्ध झालें. मातृशाळेचें मार्गदर्शन असा त्याच्या नांवाचा आशय आहे. जन्मापासून चोवीस वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचे त्यानें सहासहा वर्षांचे चार टप्पे कल्पिले होते, आणि त्यांतला पहिला टप्पा म्हणजे आईची मांडी.

या मातृशाळेंतला अभ्यासक्रम पाहिला म्हणजे त्याच्या कल्पकतेचें कौतुक वाटतें. भूगोल म्हणजे नकाशा नव्हे. शेत कशाला म्हणतात, टेकडी कोणती, ओढा कोठून वाहतो, गांव आणि शहर यांत भेद काय, हें मुलानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहून ओळखावें. कालगणना म्हणजे सनावळ्या नव्हेत. तास, दिवस, आठवडा, वर्ष, उन्हाळा, हिवाळा हे शब्द त्याला उमगावे. इतिहास म्हणजे काल काय घडलें, गेल्या वर्षीं काय घडलें, त्या प्रसंगीं कोण कोण होतें, हें आठवून सांगणें. गृहव्यवस्था म्हणजे घरांत कोण कोण आहेत, कोणाचें काम काय, आणि कोणती वस्तू कशाकरितां वापरावयाची याचें ज्ञान. राज्यव्यवहार म्हणजे गांवांत अधिकारी असतात, कांहीं जण आज्ञा करतात व कांहीं जण ती पाळतात, येवढी समज. मोठ्या शास्त्रांचीं मुळें अशा रीतीनें त्यानें अंगणांत आणि स्वयंपाकघरांत शोधून काढलीं. जवळून दूर जावें, वस्तु आधीं दाखवावी आणि शब्द तिच्या बरोबर द्यावा, हें त्याचें सूत्र होतें.

आतां यांत ख्रिस्ती दृष्टि कोठें आली, असा प्रश्न कोणी विचारील. ती केवळ प्रार्थनेपुरती नव्हती. प्रार्थना तर त्यानें सांगितलीच आहे. भक्ति, सदाचार आणि विद्या हीं शिक्षणाचीं तीन अंगें असून भक्तीवांचून बाकीचीं दोन व्यर्थ, असें त्याचें मत होतें. पण त्याच्या श्रद्धेचा खरा परिणाम दिसतो तो अन्यत्र. प्रत्येक मनुष्य ईश्वराच्या प्रतिमेस अनुसरून निर्माण झाला, हें बायबलचें वचन त्यानें अक्षरशः खरें मानलें, आणि तें खरें मानल्यावर त्यांतून जें निष्पन्न होतें तें टाळलें नाहीं. सरदाराचें मूल आणि विणकराचें मूल यांत मग भेद उरत नाहीं. मुलगा आणि मुलगी यांतही उरत नाहीं. म्हणून आपल्या 'महाशिक्षणशास्त्र' या ग्रंथांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, सहा ते बारा वर्षांच्या सर्व मुलामुलींना, श्रीमंतांच्या व गरिबांच्या, एकाच शाळेंत मातृभाषेंतून शिक्षण मिळालें पाहिजे. या शाळेच्या सहा वर्गांच्या सहा पुस्तकांना त्यानें व्हायोलेटचा ताटवा, गुलाबबाग, हिरवळ अशा धर्तीचीं बागेंतलीं नांवें योजिलीं होतीं. जगाचा सामान्य इतिहास, गृहव्यवस्था, राज्यव्यवस्था आणि निरनिराळ्या कारागिरांचे धंदे यांची ओळख याच वयांत व्हावी, असा त्याचा आग्रह होता. मुलाला पुढें सुतार व्हावयाचें असो वा न्यायाधीश, आपल्या भोंवतीं चाललेल्या मानवी व्यवहारांत तें परकें राहूं नये, हा त्यामागील हेतु.

या विचाराला चित्ररूप आलें तें हंगेरींत. १६५० ते १६५४ या काळांत कोमेनियस सारोश्पाटक येथील शाळेची सुधारणा करण्यास गेला होता. तेथील मुलांची लॅटिनमधील गति बेताची पाहून त्यानें चित्रांच्या साहाय्यानें शिकविण्याचें पुस्तक तयार केलें. चित्रें कोरणारा कारागीर तेथें मिळेना, म्हणून तें पुढें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापलें गेलें. 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रमय जगत्, हेंच तें प्रसिद्ध पुस्तक. त्यांत दीडशें पाठ असून प्रत्येक पाठावर एक चित्र आहे. चित्रांतील वस्तूंना आंकडे घातले आहेत, आणि खालच्या लॅटिन व जर्मन मजकुरांत त्या त्या शब्दापुढें तोच आंकडा आहे. मुळाक्षरें शिकवितांना कावळ्याचें ओरडणें, मेंढीचें बेंबें करणें अशा आवाजांचा उपयोग केला आहे. ईश्वरापासून आरंभ करून पुस्तक आकाश, अग्नि, जल, भूमि, वनस्पति, प्राणी आणि मनुष्य या क्रमानें पुढें जातें. मग शेतकरी, पाव भाजणारा, कोळी, शिंपी, चांभार, गवंडी, पुस्तकबांधणारा हे आपापल्या कामांत गढलेले दिसतात. नंतर शाळा, कुटुंब, नगर, न्यायसभा, बाजार आणि राज्य येतें. लढाई आणि वेढा हेही त्यानें वगळलेले नाहींत. ज्याचें गांव जळालें होतें तो तें कसें वगळील? शेवटीं निरनिराळे धर्म आणि अंतिम न्यायाचा दिवस यांचीं चित्रें आहेत. दुसऱ्याच वर्षीं लंडनचा शिक्षक चार्लस हूल यानें त्याची इंग्रजी आवृत्ति काढली, आणि दोन शतकांहून अधिक काळ हें पुस्तक युरोपांतील मुलांच्या हातांत राहिलें.

परंतु थोर पुरुषाचें चरित्र सांगतांना त्याचे दोष झांकणें हा इतिहास नव्हे. चित्रमय जगांत यहुदी आणि मुसलमान यांच्या धर्मांवर पाठ आहेत, आणि ते त्या काळच्या ख्रिस्ती उपदेशकाच्या चष्म्यांतूनच लिहिलेले आहेत. शिंप्याचें काम त्यानें जितक्या समभावानें दाखविलें, तितक्या समभावानें त्याला दुसऱ्याची उपासना दाखवितां आली नाहीं. याहून मोठी चूक त्याच्या हातून व्यवहारांत घडली. १६५५ सालीं स्वीडनच्या प्रॉटेस्टंट राजानें पोलंडवर स्वारी केली. या राजाच्या हातून आपल्या बांधवांची सुटका होईल, अशा आशेनें कोमेनियसनें त्याची स्तुति करणारी पुस्तिका लिहिली. ज्या पोलंडनें त्याला सत्तावीस वर्षें आश्रय दिला, त्याच पोलंडवर चालून आलेल्या राजाची ही स्तुति होती. १६५६ च्या एप्रिलांत पोलिश सैन्यानें लेश्नो जाळलें. त्यांत त्याचें घर, ग्रंथसंग्रह आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ खपून तयार केलेल्या चेक कोशाचें हस्तलिखित नष्ट झालें. अधिकारी कोण, आज्ञा कोणाची पाळावी, हें सहा वर्षांच्या मुलाला इतक्या सुबोध रीतीनें शिकविणाऱ्यास तोच प्रश्न स्वतःपुढें उभा राहिला तेव्हां नीट सोडवितां आला नाहीं.

तरीही तो खचला नाहीं. अॅमस्टरडॅम येथें त्याला आसरा मिळाला. १६६७ सालीं इंग्रज आणि डच यांचे वकील ब्रेडा येथें तहासाठीं जमले असतां पंचाहत्तर वर्षांच्या या वृद्धानें त्यांना शांततेचें आवाहन करणारी पुस्तिका पाठविली. आतां तो कोणा राजाच्या विजयाची आशा करीत नव्हता; मनुष्यजातीच्या सुधारणेचा एक विस्तृत ग्रंथ लिहीत होता. सर्वांना, सर्व कांहीं, सर्व बाजूंनीं शिकवावें, हें त्यांतील शिक्षणखंडाचें सूत्र आहे, आणि त्या 'सर्वांना' या शब्दांतून त्यानें कोणत्याही राष्ट्राला वगळलेलें नाहीं. ग्रंथ अपुराच राहिला. १५ नोव्हेंबर १६७० रोजीं कोमेनियस निवर्तला आणि नार्डन येथें त्याची समाधि झाली. त्या ग्रंथाचें हस्तलिखित जर्मनींतील हाले येथें सांपडलें तें विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत, आणि समग्र छापलें गेलें १९६६ सालीं प्राग येथें, म्हणजे ज्या देशांतून तो घालविला गेला त्याच देशाच्या राजधानींत.

त्याच्या बंधुसंघाच्या विखुरलेल्या अनुयायांना १७२२ सालापासून जर्मनींतील हेर्नहूट येथें आसरा मिळाला, आणि त्यांच्या परंपरेंतील मिशनऱ्यांनीं १८८५ सालीं लडाखांतील लेह येथें ठाणें घालून पुढें शाळाही काढली. हा दुवा लहान आहे. मोठा दुवा पद्धतीचा आहे. महाराष्ट्रांतील प्राथमिक शाळेंत मुलाला घर, शाळा, गांव, जिल्हा आणि राज्य अशा क्रमानें आपला परिसर शिकविण्यांत आला, तेव्हां ती पायरी अन्‌ पायरी कोमेनियसनें आखून ठेवलेलीच होती. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण चढण तीच.

बालकाला समाज शिकविणें म्हणजे त्याला आपला पक्ष शिकविणें नव्हे, हा बोध कोमेनियसच्या यशांतून मिळतो तितकाच त्याच्या चुकीतूनही मिळतो. श्रद्धेनें त्याला प्रत्येक मुलाकडे ईश्वराची ठेव म्हणून पाहण्यास शिकविलें. जेथें त्यानें त्या दृष्टीनें पाहिलें, तेथें त्याचें काम टिकलें, आणि जेथें पक्षाच्या दृष्टीनें पाहिलें, तेथें तें जळालें. मुलाला बोट धरून अंगणांत नेणाऱ्या आणि "हा ओढा पाहा, हा शेजारी पाहा" असें सांगणाऱ्या प्रत्येक आईच्या हातून ती मातृशाळा आजही चालू आहे.