उजळणी आणि चढाओढ

तांब्यापितळेचीं भांडीं कितीही चांगलीं असलीं तरी चार दिवस फडताळांत पडून राहिलीं कीं काळवंडतात. मग चिंच लावून तीं पुन्हां उजळावीं लागतात. शिकलेल्या गणिताचीही अवस्था अशीच आहे. जुना पाठ पुन्हां म्हणण्याला मराठींत ‘उजळणी’ हा शब्द रूढ झाला, आणि ज्या लहानशा पुस्तकांत अंक व पाढे छापलेले असत त्या पुस्तकालाही पुढें तेंच नांव मिळालें. एकट्या मुलाला उजळणी कंटाळवाणी वाटते. तीच चार मुलांत चढाओढीनें झाली म्हणजे तिचा खेळ होतो. हा खेळ फार जुना असून त्यानें समुद्रापलीकडचाही प्रवास केला आहे. त्या सर्व इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. पहिल्या आलेल्या मुलाकडे सर्वांचें लक्ष असतें खरें. परंतु खेळ चांगला कीं वाईट, हें शेवटीं उभ्या राहिलेल्या मुलाचें काय होतें यावरून ठरतें.

गणित हें प्रश्नोत्तरांनीं शिकावें ही कल्पना या देशांत नवी नव्हे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ पुरा केला. त्यांतील अंकगणिताच्या भागास लीलावती असें नांव आहे. त्यांत आचार्य नियम सांगून थांबत नाहींत. लागलीच ऐकणाराला हांक मारून प्रश्न घालतात. कोठें भुंग्यांचा थवा फुलांवर वांटला गेला आहे, कोठें तळ्यांतील कमळ वाऱ्यानें बुडालें आहे, कोठें खांबावरचा मोर सापावर झेप घेत आहे. लीलावती ही आचार्यांची कन्या होती, ही कथा फैजीनें १५८७ मध्यें केलेल्या फारशी भाषांतरापासून प्रसिद्ध झाली. ती खरी असो वा नसो, समोर कोणी शिकणारें बसलें आहे आणि त्याला उत्तर देण्याची हौस वाटली पाहिजे, ही जाणीव ग्रंथांत पदोपदीं दिसते. आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याविषयींचा इ. स. १२०७ चा शिलालेख पुढें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं विद्वानांच्या नजरेस आणिला.

मठांतील गणित पंडितांचें होतें. गांवच्या मुलाचें गणित पंतोजींच्या ओसरीवर किंवा देवळाच्या पडवींत चाले. छापील पुस्तकें नव्हतीं. धूळपाटीवर अंक गिरवावयाचे, आणि दिवेलागणीला सर्वांनीं मिळून परवचा म्हणावयाचा. एखाद्या मोठ्या मुलानें पुढें म्हणावें आणि बाकीच्यांनीं मागून, अशी रीत असे. पूर्णांकांचे पाढे झाले म्हणजे अपूर्णांकांची पाळी येई: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. आजच्या मुलाला हीं नांवें विचित्र वाटतील. पण बाजारांत त्यांच्यावांचून पाऊल टाकतां येत नसे. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस, शेराचे पावशेर चार आणि नवटांक आठ. सव्वा रुपया शेर भावाचें तूप अडीच शेर घेतलें तर किती पैसे द्यावयाचे? ज्याची सवायकी पक्की, तो पाटीला हात न लावतां तीन रुपये दोन आणे म्हणून सांगे. जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर, हा दुसरा आडाखा. मणाचा सोळावा भाग अडीच शेर आणि रुपयाचा सोळावा भाग आणा, एवढेंच त्याचें मर्म आहे. असा आडाखा ज्याला येई त्याला दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावें लागत नसे.

मोठ्या मुलानें लहानाला शिकवावें आणि अक्षरें धुळींत काढावीं, या दोन गोष्टींनीं एका परकीय शिक्षकाचें लक्ष वेधलें. ॲन्ड्र्यू बेल हा पाद्री १७८९ मध्यें मद्रासच्या लष्करी अनाथगृहाचा देखरेख करणारा झाला. मलबारी मुलांच्या एका शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना त्यानें पाहिलीं आणि ती रीत आपल्या शाळेंत आणिली. शिक्षक ऐकेनात, तेव्हां त्यानें मोठ्या मुलांकडूनच लहानांना शिकविलें. विलायतेस परतल्यावर १७९७ मध्यें त्यानें या प्रयोगाची हकीकत छापून प्रसिद्ध केली. त्याच सुमारास, १७९८ मध्यें, लंडनमध्यें जोसेफ लॅंकेस्टर या तरुणानें गरीब मुलांसाठीं शाळा काढिली होती. त्याच्यापाशीं मुलें शेंकडों आणि शिक्षक तो एकटा. म्हणून त्यानेंही मुलांतूनच ‘मॉनिटर’ नेमले.

लॅंकेस्टरच्या शाळेंत गणिताची उजळणी हा खराखुरा खेळ होता. एका मॉनिटरपुढें मुलांची लहानशी टोळी अर्धवर्तुळांत उभी राही. मॉनिटरच्या हातीं हिशेब व त्यांचीं उत्तरें लिहिलेली पुस्तिका असे, त्यामुळें ज्याला नुसतें वाचतां येई तोही परीक्षकाचें काम करी. एकाचें उत्तर चुकलें तर तोच प्रश्न खालच्याला जाई; ज्यानें तें बरोबर सांगितलें तो चुकलेल्याची जागा घेई. प्रत्येकाजवळ आपल्या जागेचा क्रमांक असे आणि पहिल्याच्या अंगावर गुणवत्तेचा बिल्ला. या खेळांत कोणी कायमचा बाद होत नसे. वरचा खालीं गेला तरी पुढच्या प्रश्नाला वर येण्याची वाट मोकळी असे. म्हणूनच शेवटचा मुलगाही कान टवकारून उभा राही.

मद्रासच्या वाळूंतून निघालेली ही पद्धति थोड्याच वर्षांत मुंबईस येऊन पोहोंचली. देशी भाषांतील शाळा व पुस्तकें यांसाठीं मुंबईंत १८२२ मध्यें एक मंडळी स्थापन झाली होती. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे त्या वेळीं मुंबईचे गव्हर्नर असून त्यांनीं १८२३ च्या डिसेंबरांत शिक्षणावर प्रसिद्ध टिपण लिहिलें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनीं मराठींत गणिताचीं पुस्तकें तयार करविलीं, आणि १८२६ च्या सुमारास नव्या पद्धतीचे शिक्षक जिल्ह्यांच्या गांवीं जाऊं लागले. ओसरीवरच्या परवच्याचें आणि विलायती अर्धवर्तुळाचें असें मीलन झालें. वर्गांत ‘वर-खालीं बसण्याची’ रीत पुढें दीर्घकाळ टिकली.

मात्र या खेळाला दुसरी, काळी बाजूही आहे. लॅंकेस्टरच्या शाळेंत मारपीट नव्हती, परंतु लाजविण्याचे प्रकार होते. खोडकर मुलाच्या गळ्यांत लाकडाचा ओंडका अडकवीत. कधीं त्याला टोपल्यांत घालून छताला टांगीत. इकडे पंतोजींच्या शाळेंतही अंगठे धरणें आणि दोरीला लोंबकळत ठेवणें, म्हणजे ‘घोडी’, या शिक्षा प्रसिद्धच होत्या. जेथें चुकीचें उत्तर म्हणजे फजिती, तेथें मूल उत्तर शोधीत नाहीं, लपण्याची जागा शोधतें. भीतीनें पाठ झालेला पाढा मध्येंच तुटला तर पुन्हां सांधतां येत नाहीं, कारण आठ साते छप्पन्न म्हणजे साते एकोणपन्नासांत आणखी सात, हा विचार करावयास मन मोकळें राहिलेलें नसतें.

याहूनही मोठा दोष वर्तुळाच्या बाहेर होता. पंतोजींच्या ओसरीवर बहुधा वरच्या जातींचे व व्यापाऱ्यांचे मुलगे असत. मुलींना आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना तेथें जागाच नव्हती. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत १८४८ मध्यें मुलींची शाळा काढिली, तेव्हां हें वर्तुळ रुंदावलें. गणित न येण्याची किंमत कोण देत होतें, हें जोतीरावांना चांगलें ठाऊक होतें. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव करून त्यांचे दस्तऐवज हिसकावले व जाळले, आणि ही वणवण नगर जिल्ह्यापर्यंत पसरली. कापसाचे उतरलेले भाव, वाढलेला सारा, अशीं त्याचीं कारणें अनेक होतीं. परंतु ज्या कागदावर अंगठा उठविला त्यावर व्याज किती चढलें, हें ज्याला मोजतां येत नाहीं त्याची स्थिति काय असेल, हें त्या जळक्या कागदांनीं सांगितलें. १८८२ मध्यें हंटर आयोगापुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं प्राथमिक शाळांत मोडी व बालबोध लेखनवाचनाबरोबर हिशेब व शेतकीचें ज्ञान मागितलें, तें यामुळेंच.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नये पैसे झाले. पाठोपाठ किलोग्राम व लिटर आले. आणे, शेर, नवटांक बाजारांतून गेले आणि औटकी, अडीचकी शाळेंतून गेल्या. त्याचें दुःख करण्याचें कारण नाहीं; दशमान पद्धति सोपी आहे, आणि सोपें गणित अधिक लोकांपर्यंत पोहोंचतें. पण उजळणीची गरज गेलेली नाहीं. कर्जाचा हप्ता, वजनाचा कांटा, मजुरीचा हिशेब यांत फसणारा माणूस आजही फसतोच. यंत्रानें दाखविलेलें उत्तर अंदाजाबाहेरचें आहे, हें ओळखण्यासाठीं अंदाज आधीं डोक्यांत असावा लागतो.

म्हणून आजच्या वर्गांतही दोन तुकड्या करून प्रश्नांची चढाओढ लावणें हितकारक आहे. तिचे नियम मात्र इतिहासानें शिकविलेले असावेत. चुकलेल्याला बाद करूं नये. प्रश्न फिरत फिरत पुन्हां त्याच्यापर्यंत यावा. उत्तर सांगणारानें तें कसें काढलें हेंही सांगावें, म्हणजे शेजारच्याला तें पुढच्या वेळीं उपयोगीं पडेल. बक्षीस लहान असावें आणि हंसें कोणाचेंही होऊं नये. घरोघरच्या बायकांना हें शास्त्र कोणी शिकविलेलें नाहीं, तरी तें त्यांना ठाऊक आहे. घासावयाला बसल्या कीं चकचकीत तांब्या त्या हलक्या हातानें विसळतात, आणि चिंचेचा मोठा गोळा सर्वांत काळवंडलेल्या भांड्यासाठीं राखून ठेवतात.