गला-गीची लोक

गला-गीची हा अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, विशेषतः साउथ कॅरोलायना व जॉर्जिया राज्यांच्या बेटांवर राहणारा कृष्णवर्णीय समाज आहे. भातशेतीसाठी पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज होत. त्यांची गला ही क्रिऑल भाषा दीर्घकाळ अशुद्ध इंग्रजी समजली जाई. भाषाशास्त्रज्ञ लोरेन्झो डाउ टर्नर यांनी १९४९ मधील ग्रंथात तिच्यातील आफ्रिकी शब्द दाखवून हा समज खोडून काढला.

जमिनीचा प्रश्न

जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनाऱ्यालगतची जमीन मुक्त झालेल्या गुलामांसाठी राखून ठेवली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तिच्यापैकी बहुतेक जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. तरीही अनेक कुटुंबांनी जमिनी विकत घेतल्या. मृत्युपत्राअभावी त्या पिढ्यानपिढ्या सामाईक राहिल्या. त्यामुळे एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा घेणारा परका इसमही न्यायालयामार्फत संपूर्ण जमिनीची विक्री घडवून आणू शके. जॉर्जियाने २०१२ मध्ये व साउथ कॅरोलायनाने २०१६ मध्ये कायदा करून असा हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी सहहिस्सेदारांना दिली. तोवर बरीच जमीन हातची गेली होती. हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाल्यावर गोल्फची मैदाने व बंदिस्त वसाहती उभ्या राहिल्या. तेथील काही गला दफनभूमी आज या वसाहतींच्या फाटकांआड आहेत.