मगर व मानवी वस्ती

उष्ण प्रदेशांतील नद्या, तलाव व खाड्या यांच्या काठी राहणाऱ्या समाजांचा मोठ्या सरीसृप प्राण्यांशी फार प्राचीन काळापासून संबंध आला आहे. महाराष्ट्र, गोवा व लगतच्या प्रदेशांत हा संबंध मुख्यतः मगरीशी व काही प्रमाणात घोरपडीशी आहे. या संबंधाचा इतिहास प्रस्तुत नोंदीत दिला आहे.

क्रॉकोडिलिया गणातील तीन जाती भारतात आढळतात : गोड्या पाण्यातील मगर (क्रॉकोडायलस पॅलुस्ट्रिस), खाऱ्या पाण्यातील मगर (क्रॉकोडायलस पोरोसस) आणि लांब व अरुंद मुस्कटाची सुसर किंवा घडियाल (गॅव्हिॲलिस गँजेटिकस). मराठी बोलीत मात्र ‘सुसर’ हा शब्द मगरीलाही सर्रास लावतात. ॲलिगेटर हा याच गणातील, पण वेगळ्या कुलातील प्राणी असून त्याच्या दोनच जाती आहेत. एक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या आग्नेय भागात व दुसरी चीनमधील यांगत्सी नदीच्या खोऱ्यात आढळते. भारतात ॲलिगेटर नाही. खाऱ्या पाण्यातील मगर पश्चिम किनाऱ्यावरून नाहीशी झाली असून ती आता भारतात ओडिशातील भितरकनिका, सुंदरबन व अंदमान-निकोबार बेटे येथे उरली आहे. महाराष्ट्रात व गोव्यात माणसाच्या शेजारी राहणारी मगर ती गोड्या पाण्यातीलच होय. तथापि खाड्यांतील मचूळ पाण्यातही ती राहू शकते.

जीवनक्रम व माणसाशी येणारा संबंध : पूर्ण वाढलेली मगर सर्वसाधारणपणे ३ ते ४ मी. लांब असते. संथ व खोल डोह, ऊन खाण्यासाठी उतरता काठ आणि बीळ खणण्यासाठी मऊ माती या तिच्या गरजा आहेत. नेमक्या अशाच जागी माणूस पाणवठा, घाट व नावेचा उतार करतो. मासे हे तिचे मुख्य भक्ष्य असले, तरी पाण्याशी आलेली जनावरेही ती पकडते. तिचे रक्त बाह्य तापमानानुसार थंड वा उष्ण होत असल्यामुळे तिला अन्न थोडे लागते व ती अनेक दिवस उपाशी राहू शकते. भक्ष्याचा पाठलाग न करता काठाशी पाण्याखाली निश्चल राहून अचानक झडप घालणे, ही तिची रीत आहे. म्हणून एकाच ठिकाणी, एकाच वेळी, रोज पाण्यात उतरणे हे विशेष धोक्याचे ठरते.

मादी उन्हाळ्याच्या आरंभी काठावरील मातीत वा वाळूत खड्डा करून सु. २५ ते ३० अंडी घालते. सु. दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, पिले बाहेर पडतात. पिलांचे लिंग घरट्यातील तापमानावर ठरते. या काळात मादी घरट्याजवळून हलत नाही व जवळ येणाऱ्यावर चाल करून जाते. नदीचे पाणी उतरलेले असल्याने माणसे व गुरे पाण्यात अधिक आत जातात, तोही हाच काळ होय.

प्राचीन वाङ्मय व शिल्प : सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर तोंडात मासा धरलेल्या सुसरीचे चित्रण आढळते. संस्कृत वाङ्मयात नक्र, ग्राह, कुंभीर, मकर असे शब्द येतात. त्यांपैकी मकर हा हळूहळू कल्पित प्राणी बनला. तो गंगेचे वाहन व कामदेवाचे ध्वजचिन्ह आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातील नदीदेवतांच्या मंदिरात मकरारूढ गंगेची मूर्ती आहे. भागवतातील गजेंद्रमोक्षाची कथा, पंचतंत्रातील माकड व मगर यांची कथा आणि आद्य शंकराचार्यांचा पाय नदीत मगरीने धरल्यावर मातेने त्यांना संन्यासाची अनुज्ञा दिल्याची आख्यायिका या सर्वांत मगरीची पकड हे सुटका नसलेल्या संकटाचे प्रतीक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्यावरील आपत्तींच्या निवारणाच्या प्रकरणात सर्पभयाबरोबर जलचर प्राण्यांपासूनच्या भयाचाही विचार केलेला आहे. म्हणजे पाणवठ्यावरील प्रजेचे रक्षण हे त्या काळीही शासनाचे काम मानले जाई.

मराठीत ‘मगरमिठी’ व ‘नक्राश्रू’ हे शब्द रूढ आहेत. ‘सुसरबाई तुझी पाठ मऊ’ ही म्हण, बलवंताच्या तावडीत सापडलेल्याला त्याची स्तुती करण्यावाचून गत्यंतर नसते, या अर्थाने वापरतात. नदीकाठच्या माणसाने मगरीची शक्ती ओळखली होती व तिला डिवचण्यापेक्षा तिच्याशी जमवून घेणे त्याला शहाणपणाचे वाटत होते, हे या म्हणीतून दिसते.

लोकाचार : या जमवून घेण्याला काही ठिकाणी धार्मिक रूप आले. गोव्यात समुद्राच्या भरतीचे पाणी बांध घालून अडवून केलेल्या शेतजमिनीस ‘खाजण’ म्हणतात. बांधाला असलेल्या झडपेच्या दाराने (मानस) पाणी आत-बाहेर सोडले जाते. मांडवी व जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात व आसपासच्या खाजणांत मगरींची वस्ती आहे. फोंडे तालुक्यातील दुर्भाट, बोरी या भागांत पौष अमावास्येस ‘मांगे थापणी’ हा विधी करतात. ‘मांगे’ म्हणजे मगर. बांधावरील चिखलाची मगर थापून, शिंपले-काटक्यांनी तिचे अवयव दाखवून तिची पूजा केली जाते व शेताचे, गुरांचे आणि माणसांचे रक्षण करण्याची तिला प्रार्थना करतात. बांध फुटला तर खारे पाणी शिरून शेती बुडते. त्यामुळे वर्षातून एकदा सर्वांनी बांधावर जाणे व त्याच बांधावर मगरीचा वावर असल्याची आठवण ठेवणे, ही दोन्ही कामे या विधीने साधतात.

गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे. खेडा व आणंद जिल्ह्यांतील अनेक गावतळ्यांत मगरी राहतात व त्याच तळ्यांवर लोक धुणे धुतात व गुरे पाजतात. कराचीजवळील मंगोपीर येथील दर्ग्याच्या तळ्यातही मगरी पाळलेल्या असून आफ्रिकी वंशाचा शीदी समाज त्यांना मान देतो. धर्म भिन्न असूनही या आचारांत एक समान सूत्र आहे. मगरीला नदीबाहेर घालवणे हा त्यांचा हेतू नसून तिची जागा व माणसाची जागा यांची मर्यादा सर्वांच्या स्मरणात ठेवणे हा आहे. या आचारांनी मगरीचा स्वभाव बदलत नाही. बदलते ते माणसाचे वागणे.

शिकार, ऱ्हास व संरक्षण : ब्रिटिश अमदानीत बंदुकीचा प्रसार झाल्यावर मगरीची शिकार ही करमणूक झाली. पुढे कातड्याच्या व्यापारामुळे विसाव्या शतकाच्या मध्यास सर्व जातींची संख्या झपाट्याने घटली. १९७५ च्या सुमारास भारतातील सुसरींची संख्या २०० च्याही खाली आली असावी, असा अंदाज होता. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मगरीला कायद्याचे संरक्षण मिळाले. १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मगर संवर्धन प्रकल्प सुरू झाला. त्यात अंडी गोळा करून ती उबवणे व पिले वाढवून नद्यांत सोडणे, ही पद्धत अवलंबिली गेली. महाराष्ट्रात ताडोबा येथे असे संवर्धनाचे काम झाले. पुढील काही दशकांत अनेक नद्यांत मगर पुन्हा दिसू लागली. ज्या पिढीने ती काठावर पाहिलीच नव्हती, तिला आता तिच्या शेजारी राहणे भाग पडले.

कृष्णाकाठ : महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो सांगली जिल्ह्यात कृष्णा व वारणा या नद्यांच्या काठी. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या परिसरात मगरींचे वारंवार दर्शन होते. पोहणारी मुले, धुणे धुणाऱ्या स्त्रिया, मासेमार व पाण्याचे पंप सुरू करण्यास गेलेले शेतकरी यांच्यावर हल्ले झाले असून त्यांत माणसे मृत्युमुखी पडली आहेत. औदुंबर येथील दत्तस्थानामुळे घाटावर स्नानासाठी येणाऱ्या यात्रेकरूंचीही यात भर पडते.

याची कारणे केवळ मगरींच्या वाढत्या संख्येत नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमुळे पूर्वी उन्हाळ्यात आटणारे पात्र आता बारमाही भरलेले राहते व मगरीला हवे तसे संथ डोह जागोजाग तयार होतात. वाळूच्या उपशाने अंडी घालण्याच्या जागा नष्ट होतात, तर ऊस थेट काठापर्यंत आल्याने मगरीची बिळे व शेतकऱ्याची पायवाट एकमेकांना भिडतात. मेलेली जनावरे व कोंबड्यांच्या मांसाचे अवशेष नदीत टाकल्याने मगरी वस्तीजवळ येतात. महापुरात तर मर्यादाच उरत नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव जिल्ह्यातील रायबाग तालुक्यात एक मगर घराच्या छपरावर येऊन बसलेली दिसली होती.

कोकण व वडोदरा : कोकणात चिपळूणजवळ वाशिष्ठी व महाडजवळ सावित्री या नद्यांत मगरींची मोठी वस्ती आहे. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूण शहरातील रस्त्यावरून एक मगर चालत गेली. मराठी भाषकांची जुनी वस्ती असलेल्या वडोदरा शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत २०२५ च्या गणनेत सु. ४४० मगरी आढळल्या. इतक्या दाट लोकवस्तीच्या शहरात एवढ्या मगरी असल्याचे उदाहरण जगात विरळाच आहे. तेथे वनविभाग व स्वयंसेवक घराच्या आवारात शिरलेल्या मगरी पकडून पुन्हा पाण्यात सोडतात.

घोरपड : अहिल्यानगरसारख्या पर्जन्यछायेतील पठारी जिल्ह्यात माणसाची गाठ पडते ती मगरीपेक्षा घोरपडीशी (व्हॅरॅनस बेंगालेन्सिस). ती शेताचे बांध, विहिरींची बांधकामे व पडक्या भिंती यांत राहते. सावेडी हे मूळचे गाव अहिल्यानगर शहराचे उपनगर झाले. अशा विस्तारात माळ व शेते बांधकामाखाली जातात आणि घोरपडीसारख्या प्राण्यांचा आसरा नाहीसा होतो. कीटक, उंदीर, अंडी व मृत प्राणी हे तिचे अन्न असल्याने ती शेतीला उपकारकच ठरते. १६७० मध्ये सिंहगड घेताना तानाजी मालुसरे यांनी घोरपडीस दोर बांधून कडा चढल्याची कथा लोकप्रिय आहे, परंतु इतिहाससंशोधक तिला आख्यायिका मानतात. घोरपडे या आडनावाची उत्पत्तीही अशाच कथेने सांगतात. खंडोबाचे वाघ्या-मुरळी वाजवतात त्या दिमडीला पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. कायद्याने तिच्या शिकारीस बंदी आहे, तरीही मांस, तेल व अंधश्रद्धेपोटी विकले जाणारे अवयव यांसाठी तिची चोरटी शिकार होते. मगरीच्या बाबतीत माणसाला भय आहे, तर घोरपडीच्या बाबतीत भय तिलाच आहे.

इतर देशांतील अनुभव : अमेरिकेत ॲलिगेटरचीही कातड्यासाठी अतोनात शिकार झाली. १९६७ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवून संरक्षण दिल्यावर संख्या वाढली व १९८७ मध्ये तो त्या यादीतून वगळण्यात आला. फ्लॉरिडा राज्यात आता त्याची संख्या दहा लाखांवर आहे. तेथे ॲलिगेटरला खाऊ घालणे हा गुन्हा आहे, कारण खाऊ घातलेल्या प्राण्याची माणसाविषयीची भीती जाते. श्रीलंकेत नदीच्या काठाशी मजबूत कुंपण घालून त्याच्या आत स्नान करण्याची जुनी पद्धत आहे. भितरकनिका परिसरातही घाटांना असे अडसर घातले आहेत. मगरी पकडून दूर सोडणे हा उपाय मात्र फारसा टिकत नाही. ऑस्ट्रेलियात उपग्रहाद्वारे मागोवा घेतलेली खाऱ्या पाण्यातील एक मगर ४०० किमी. हून अधिक अंतर पोहून मूळ जागी परतली. शिवाय मोकळ्या झालेल्या डोहात दुसरी मगर येतेच.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गोड्या पाण्यातील मगरीची गणना असुरक्षित जातींत केली आहे. तिचे संरक्षण आवश्यकच आहे, परंतु त्याचा भार आज मुख्यतः नदीत उतरणाऱ्या गरीब माणसावर पडतो. घरात नळ असलेल्यास घाटावर जावे लागत नाही. हल्ल्यात मृत्यू आल्यास महाराष्ट्र शासन भरपाई देते, पण ती घटनेनंतरची व्यवस्था होय. कुंपण घातलेले घाट, गुरांसाठी काठावर हौद, विणीच्या हंगामात घरट्यांजवळ फलक, मृत जनावरे नदीत टाकण्यास बंदी व काठालगतचा पट्टा ऊस न लावता मोकळा ठेवणे, हे उपाय खर्चाने मोठे नाहीत. जुन्या आचारांनी जागा व वेळ यांची जी मर्यादा पाळली जाई, तीच हे उपाय निराळ्या साधनांनी पुन्हा घालून देतात. मगर नदीत परत आली असताना घाट मात्र पूर्वीसारखाच उघडा राहिला, हे आजच्या संघर्षाचे मुख्य कारण आहे.